बारावा महिना

माझा नवरा काय करतो, असं कुणी विचारलं
तर मी म्हणायचे : घड्याळांना ऋतू समजावतो.
लोक हसायचे. पण कामच तेवढं होतं इसोजीचं.
दर पंधरवड्याला कुवानाच्या सराफांकडे, सराईत,
किल्ला होता तोवर किल्ल्याच्या देवडीवर जाऊन
दांडीवरची इवली वजनं एकेक खाच सरकवायची.
एक दांडी दिवसाची, एक रात्रीची.
कारण आमच्याकडे उजेडाचे वाटे सहा, अंधाराचे सहा,
आणि थंडीत उजेडाचा वाटा आखूड व्हायचा
धुऊन आटलेल्या सुती कापडासारखा.

घड्याळ मूळचं आमचं नव्हे.
लाल दाढीचे दर्यावर्दी घेऊन आले ते,
पोटात सगळे तास एका मापाचे,
साच्यातून पाडलेल्या विटा जशा.
आमच्या लोहारांनी त्याला समोर बसवून शिकवलं
पहाट कशाला म्हणतात.
शिकलं की! पिढ्यान् पिढ्या
सूर्याच्या मागून मुकाट चाललं,
घरजावई.

अकराव्या महिन्यात चौकात हुकूम लागला.
इसोजी वाचून आला, जोडे न काढता उंबऱ्यावर बसला.
'बारावा महिना दोनच दिवसांचा.
तिसऱ्या दिवशी नवं वर्ष. त्यांचं. म्हणजे आता आपलं.
आणि तास सगळे सारखे.'
'सारखे म्हणजे?'
'सारखे. उन्हाळ्यात, थंडीत. रात्रीसुद्धा.'
मी म्हटलं, सूर्याला कळवलंय का कुणी?

मग नुसती धांदल.
वर्षअखेरची उधारी मागायला
तेलवाला कान्झाएमोन महिनाभर आधीच दारात.
कचेरीतल्या कारकुनांना पगार नाही :
महिनाच नाही, तर पगार कसला.
मोची कुटायचं उखळसुद्धा धुतलं नव्हतं कुणी.

मला काळजी सासूबाईंची.
त्या गेल्या बाराव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी.
मुळ्याचं लोणचं, तिळातला टोफू, धूप,
यंदा मांडायचं कधी?
देवळातले र्योकाई बोटं मोजून म्हणाले,
जानेवारीची तेरा.
'त्यांना कुठे ठाऊक जानेवारी?
त्या जुन्याच वाटेने येतील.'
र्योकाई घंटेच्या दोराकडे बघत राहिले.
भर दुपारी नऊ टोल देण्यात जन्म गेला त्यांचा,
आता बारा द्यायचे होते.

नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी
पश्चिमेला चंद्राची कोर.
वर्ष उजाडतं ते बिनचंद्राचं, एवढं तरी पोरांनाही माहीत.
सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती,
जसं कुणी चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलंय.

पुढे योकोहामाचा एक दलाल आला.
जुनी घड्याळं साहेबांना हवीत म्हणाला,
दिवाणखान्यात मांडायला.
'चालली नाहीत तरी चालेल.'
इसोजीने चार दिली. भाव केला नाही.
फक्त दांड्यांवरची वजनं काढून घेतली,
चहाच्या डब्यात ठेवली.
डबा हलवला की वाजतो अजून.

आता तो अमेरिकन घड्याळं दुरुस्त करतो.
हात चांगला आहे, पैसे बरे मिळतात,
मुलाला शाळेसाठी चामडी जोडे घेतले, ते चावतात.
मी नाही म्हणत वाईट झालं म्हणून.
आगगाडी काय वजनं सरकवेपर्यंत थांबणार आहे?

पण सहाच्या टोलाला दिवा लावायचा
हे माझ्या हाताला चाळीस वर्षं माहीत.
परवा जूनमध्ये भिंतीवरच्याने सहा दिले
आणि मी उठून दिवा लावला,
काचेचा, रॉकेलचा, नवा.
अंगणात लख्ख ऊन, शेजारीण सुया वाळवायला पसरतात
तसे मासे पसरत होती, ती थांबून बघायला लागली.
इसोजी काही बोलला नाही.
आला, दिव्याची चकती धरली,
आणि वात खाली केली.
एक खाच.