अंजिराबाईचा डबा

दारव्हा रोडवर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजतो.
एक वेढा चुकला की मोटार नुसती गुरगुरते,
फिरत नाही.
घरी येतो तेव्हाही बोटं मोजतच असतात.

आमच्याकडे रात्रीची पहिली भाकर अंजिराबाईची.
असं कोणी ठरवलं नव्हतं.
पोळ्यापासून तिचा डावा हात चालत नाही,
आणि एका हातानं पीठ कसंबसं मळता येतं,
भाकर थापता येत नाही,
हे शोभानं एकदा
स्वतःचा हात पदरानं पाठीशी बांधून
पोरांना करून दाखवलं.
पीठ परातीबाहेर गेलं, सगळे हसले.
मग प्रांजूनं करून पाहिलं.
मग तेजूनं.
मग कोणी हसलं नाही.

तेव्हापासून डबा प्रांजूकडे.
नऊ वर्षांची पोरगी, काही देवाघरची नाही.
भावाला चावते,
पाढे न म्हणता म्हटले म्हणून सांगते,
तुरीच्या शेंगा सोलायला बसवली
तर चार दाणे टोपलीत, पाच तोंडात.

पौषातली रात्र. लाइन गेलेली.
सातला गेलेली प्रांजू
साडेआठ झाले तरी परतली नाही.
मी टॉर्च घेऊन निघालो.
विहिरीजवळ, शाळेच्या भिंतीजवळ, डीपीखाली,
जिथं जिथं नको ते दिसेल
तिथं तिथं उजेड मारत.
हापशीपाशी ती भेटली,
रिकामा डबा हलवत, गाणं म्हणत.
त्या गाण्यानंच डोकं फिरलं.
'कुठी होती तू एवढा वेळ?'
हात उचलला गेला.
फार लागला नसेल,
पण अंधारात वाजला मोठ्यानं.

ती रडली नाही.
डबा उघडून टॉर्चच्या उजेडात धरला.
'पाय ना बाबा, सगळं संपलं.
एकटीले घास जात नाही म्हणते ते.
मी बसली की खाते.
लय हळू खाते पण.'

परतीच्या वाटेवर मी बोललो नाही.
इतके दिवस आपण डबा पाठवत होतो,
मोजून दोन भाकरी,
कोपऱ्यात जवसाची चटणी,
कधी अंबाडीची भाजी,
आणि मला वाटायचं, झालं.
किती दिवस त्यातलं अर्धं
सकाळी कोंबड्यांना गेलं असेल
कोण जाणे.
भाकरीसोबत समोर एक माणूस लागतं
हे हिला कोणी सांगितलं?
मी नाही.
शोभाला नंतर विचारलं, तिनंही नाही.

चुलीपुढे सगळ्यांच्या देखत म्हणालो,
'प्रांजू, चुकलो मी.'
माझ्या बापाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.
दुसऱ्याची चप्पल घालून चालावं
तसा तो निघाला,
ढिला, फटफट वाजत.
तेजूनं घास तसाच हातात धरून विचारलं,
'बाबा बी चुकते?'
शोभा भाकर उलटत म्हणाली,
'रोज. आज कबूल केलं.'

आता दोघंही जातात,
पाळीवरून भांडतात,
परवा तर डब्याच्या कडीसाठी
एकमेकांचे केस धरले होते.
काल तेजू एकटाच गेला
आणि तक्रार घेऊन आला:
अंजिराबाईनं त्यालाच अर्धी भाकर खाऊ घातली,
म्हणे, लेकरू नुसतं पाहत बसलं
तर मले कशी गोड लागन?

शोभा काही बोलली नाही.
आज तिनं डब्यात तिसरी भाकर ठेवली.
झाकण बसेना.
मी दोन्ही हातांनी दाबून धरलं,
प्रांजूनं कडी लावली.