सायलेंट बुश

देगलूर नाक्यावर, मुनीर उस्तादांच्या गॅरेजात
माझी एकसष्टची फियाट चार दिवस ठोकळ्यांवर आहे,
चाकं लोंबती सोडून.

दुखणं एवढंच :
कंधारच्या रस्त्याला, जिथं काळी माती उन्हाळ्यात भेगाळते
आणि पावसाळ्यात फुगून डांबराला खालून खांदा देते,
तिथं पुढच्या डाव्या अंगाला आवाज यायचा.
कुडुक.
मग थोडं पुढं गेल्यावर, विसरले म्हणेस्तोवर,
कुडुक.

उस्तादांनी पहार घालून आर्म उचकटला,
जुना बुश तळहातावर घेतला.
मधली नळी एका कडेला टेकलेली,
रबराचा चुरा, उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखा.
"ये चलके नै मरा, टीचर. खडे खडे मरा."
मी मान खाली घातली.
माझ्या मोतीबिंदूची दोन वर्षं ती शेडमधून हललीच नव्हती.

आता बदली कुठला घालायचा.

जोगासिंगनं माळ्यावरून डबा काढला, असली माल,
खोक्यावर छापलेली किंमत : रुपये साडेचार.
मी हरखले.
उस्तादांनी अंगठ्याचं नख रोवलं, वण उमटला नाही.
डबा उघडला नाही म्हणून वय थांबत नाही,
हे मला एकोणसत्तराव्या वर्षी
एका रबराच्या कड्याकडून कळलं.

भाच्यानं पुण्याहून लाल पाठवलाय, पॉलीयुरेथेनचा, कुरिअरनं.
"तुझ्या हयातीत बदलावा लागणार नाही,"
फोनवर म्हणाला. वाक्य मला आवडलं नाही.
टिकेल, उस्ताद म्हणतात,
पण खड्डा जसाच्या तसा मणक्यात आणून पोचवेल,
आणि ग्रीस सुकलं की गोदामाच्या दारासारखा कुरकुरेल.

गजभारेंनी लेथवर नायलॉनचा कातून आणला, पांढराशुभ्र.
बत्तीस वर्षं भूमितीचा खडू धरलेल्या बोटांना
तो लगेच ओळखीचा वाटला.
जवळजवळ तेवढ्यावरच घेणार होते.
उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त गजभारेंकडे बघितलं,
आणि गजभारेच म्हणाले, "हा झिजत नाही, बाई. पिन खातो."

राहिला साधा काळा,
एमआयडीसीतल्या साच्यातून परवा निघालेला,
गंधकाचा वास अजून अंगावर. हमी नाही. खोकंही नाही.
नख रोवलं. वण पडला,
आणि बघता बघता भरून आला.

आतली नळी गाडीची, बाहेरची चाकाची,
दोघी आपापल्या जागी घट्ट.
घसरायचं कुणीच नाही.
मधे हा पिळवटतो, परत येतो,
पिळवटतो, परत येतो, नांदेड ते कंधार.
"म्हणजे आवाज न करता?"
"इसीलिए तो नाम सायलेंट है ना."

अझीमनं लगेच पाना लावला.
उस्ताद एवढे ओरडले की नाक्यावरचं कुत्रं उठलं.
हवेत आवळशील, तर हा हवेतल्या जागेलाच सरळ समजेल;
मग जमिनीवर उतरली की जन्मभर पिळात.
आधी वजन येऊ दे. मग आवळ.

गाडी खाली टेकवली.
"बसा," मला म्हणाले.
कुठं जायचंय?
"कुठं नै."

मी स्टिअरिंगला. शेजारी जोगासिंग, पगडी टपाला टेकलेली.
मागं गजभारे, शर्टावर नायलॉनचा कीस,
आणि माणूस कमी पडला म्हणून
रस्त्यापलीकडून बोलावलेला पोशट्टी, किटलीसकट.
उस्तादांचे फक्त पाय दिसताहेत, टाचा भेगाळलेल्या.
"हिलो मत कोई."

समोर काच, काचेपलीकडं भिंत,
भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर, दोन महिने मागं राहिलेलं.
आम्ही चौघं त्याच्याकडं बघत,
पाठ सरळ, हात मांडीवर,
आपापल्या वजनानं नीट बसलेलो.
बाहेरून लोह्याची एसटी गेली.
खाली पाना कर्र करून थांबला.

बऱ्याच वेळानं पोशट्टीनं मागून विचारलं,
"पोचलो का?"

खालून उत्तर आलं :
आधा आटा बाकी है.