न्यूसार्गला दोन तास दहा मिनिटं

एकतीस वर्षं मध्यवर्ती स्थानकाच्या खिडकीमागे बसून
गारगोटी, चंदगड, राधानगरी, गगनबावडा
अशी गावं मी माइकमध्ये सोडत होते.
आता जेवणाच्या टेबलावर, तेलाचा डाग पडलेल्या वहीत
लिहिते आहे: लिमोझ, ओरियाक, न्यूसार्ग.
गाव, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा.
रकाने तेच. पट्टीही तीच, डेपोतून आणलेली,
परत करायची राहून गेलेली.

निशिकांत क्लेरमाँहून विचारतो,
आई, जानेवारीत तिकडं आहे काय?
हॉटेलं बंद, गाई गोठ्यात, साडेपाचला अंधार.
समुद्राकडं जाऊ, नाहीतर पॅरिस बघू, सगळं उघडं असतं.
मी म्हणते, उघडं असलेलं पुष्कळ बघितलं रे.

यांना रेल्वे नको.
यांनी करूळच्या घाटात सव्वीस वर्षं लाल डबा उतरवला,
आरशाला कधी ओरखडा नाही.
"गाडी भाड्यानं घ्यायची. मी हाय की."
पण तिथं उजवीकडून.
म्हणून रोज रात्री मिठाची बरणी डबा होते,
लोणच्याची बाटली समोरून येणारा ट्रक,
आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस
पोळपाटाच्या चौकाला उलट्या दिशेनं वळसे घालत राहतो,
तोंडानं गिअर टाकत.
परवा मीठ सांडलं.
"हे बर्फ," म्हणाले. "बर्फावर ब्रेक मारायचा नसतोय."
बर्फ यांनी बघितलाय
तो रसाच्या गुऱ्हाळावर, पोत्यात गुंडाळलेला.

मला भाषा येत नाही, वेळापत्रक येतं.
तळटीप कुठल्याही देशात तळटीपच असते.
एक तारा म्हणजे रविवारी नाही.
दोन तारे म्हणजे रेल्वेऐवजी बस,
आणि ती स्टेशनाच्या मागच्या बाजूनं सुटणार,
जिथं पाटी नसते,
हे मला कुणी सांगायला नको.
एका गावापुढं नुसती रेघ.
रूळ आहेत आई, निशिकांत म्हणाला, गाडी बंद झाली.
त्या रेघेवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.
आपल्याकडं रूळ कोल्हापूरला येतात आणि थांबतात.
पुढं कोकणात उतरायचं म्हणून
माझ्या लग्नाआधीपासून मोजणी चालली आहे.

खरं तर मी मुक्कामी गाडी शोधते आहे.
रात्री साडेनऊला शेवटच्या गावात पोहोचणारी.
ड्रायव्हर शाळेच्या पडवीत आडवा होतो,
पहाटे कुणीतरी काचेवर टकटक करून चहा देतं,
आणि सहाला तीच गाडी अर्धं गाव घेऊन निघते.
यांनी अशा रात्री किती काढल्या.
मी त्या फक्त लिहिल्या, तक्त्यात, एवढ्याच:
"मु. बावडा".

न्यूसार्गच्या स्टेशनाचा फोटो बघितला.
भिंत काळ्या दगडाची असावी, पन्हाळ्याच्या तटासारखी,
की फोटोच अंधारात काढलाय, कळत नाही.
एक बाक. घड्याळ. माणूस नाही.
वहीप्रमाणं आम्ही तिथं दुपारी दोन पन्नासला उतरणार,
पुढची गाडी पाचला.
एवढा वेळ वाया कशाला, निशिकांत म्हणतो,
मी कारनं घ्यायला येतो.
मी विषय बदलला, भडंग किती आणू विचारलं.

बाकीच्या गावांपुढं शेरे भरून झाले:
फलाट बदल. चौकशी करणे. रविवार वगळून.
न्यूसार्गपुढचा रकाना कोराच ठेवला होता.
आज सकाळी दूध तापवताना वही उघडली
तर पेन्सिलीनं, लॉगशीटवरच्या त्याच तिरक्या अक्षरात:
"ड्रायव्हर विश्रांती. सोबत एक प्रवासी."
खाली सही नाही.
बॅज नंबर.