पान सदतीस

माझं काम अंधारातलं.
विंगेत उंच स्टूल, निळा दिवा, मांडीवर संहिता
आणि एक वही: कुठल्या गावात, कुठल्या वाक्याला,
किती सेकंद हसले.

चोपन्न वर्षांनी पुन्हा उभा केलाय हा फार्स.
सहा दारं, एक जिना, एक बिशप,
बिशपच्या विजारीत शिरलेला मासा.
मासा रबराचा; दर सोमवारी रंगवते मीच.
दारं ट्रकमधून पुढे जातात, मागून आम्ही,
गार सँडविचं चावत, एकमेकांच्या खांद्यांवर झोपत.

डार्लिंग्टन. पहिल्या अंकात खोकलेच जास्त.
विजार घसरली तेव्हा अकरा सेकंद.
मध्यंतरात आइस्क्रीमच्या रांगेत एक बाई म्हणाली,
"शुद्ध बावळटपणा आहे,"
आणि डोळे पुसत राहिली.

ग्रिम्सबीत तिसरं दार अडकलं.
ॲलिस्टर क्रेक, वय एकसष्ट, अंगात बिशपचा झगा,
ओढतोय, ढकलतोय, शेवटी
हात जोडून दाराची माफी मागतोय.
सव्वीस सेकंद!
बाल्कनीतून कुणी ओरडलं, "तेल घाल रे, पाद्र्या!"
गोदीवर जन्म गेलेली माणसं ती,
रबरी माशाला मात्र ढिम्म हसली नाहीत.
रात्री दिग्दर्शकाचा फोन: हे ठेवा. रोज अडकवा.

केंडलला अडकवलं.
शून्य.
ॲलिस्टरने दाराची माफी मागितली,
मग विंगेत येऊन माझी.
शिकवलेलं दार कळतं लोकांना.
वहीत मी लिहिलं: दार नीट चाललं.

आता ते पान.
नवरा म्हणतो, गालिचा काय, बायको काय,
झोडपल्याशिवाय साफ राहत नाहीत.
जुन्या प्रतीच्या समासात, कुणाच्या तरी पेन्सिलीने:
थांबा. मोठा हशा. अजून थांबा.
टॅमझिन तिथे उभी असते, हातात चहाचा ट्रे.
वाक्य काढायचं ठरलं होतं.
वारसांच्या वकिलाचं पत्र आलं:
एकही शब्द हलता कामा नये.
तेव्हापासून गावोगाव त्या ओळीला
खुर्च्या करकरतात, एवढंच.

टॉर्की, दुपारचा खेळ.
अर्धं थिएटर शाळेतल्या पोरींचं,
अर्धं काठ्या टेकत आलेलं.
वाक्य पडलं
आणि एकच माणूस हसला.
आठव्या रांगेत, तोंडभर, मोकळा,
तेव्हा सगळ्यांबरोबर हसला असेल तसा.
मग त्याला ऐकू आलं
आपलं एकट्याचं.
हसू मध्येच तुटलं.
शेजारच्या बाईने पर्स उघडली, मिटली.
ती टिचकी माझ्यापर्यंत आली.

पुढचं वाक्य टॅमझिनचं. "साखर किती, साहेब?"
तिने ते दिलंच नाही.
कानात लाइटवाला कुजबुजला, विसरली की काय?
मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, मिटलं.
सहा, सात, आठ.
नवव्या सेकंदाला तिने ट्रे खाली ठेवला,
वाकली, गालिच्याची मुडपलेली कड
तळहाताने सरळ केली,
आणि त्याला दोनदा थोपटलं,
दुखलं का रे, विचारल्यासारखं.

पोरी अशा फुटल्या की
सहाही दारं बिजागऱ्यांत हलली.
मागून काठ्यासुद्धा आपटल्या जमिनीवर.
आठव्या रांगेतला तो हसला का?
माझ्या स्टुलावरून तेवढं दिसत नाही.

वहीत: पान सदतीस. आधी एक माणूस.
मग शांतता, नऊ.
मग आकडा नाही.
घड्याळ दाबायचं राहून गेलं माझ्याकडून.
वकिलाला काय कळवायचं?
शब्द कुठे हलला होता?

रात्री दारं चढवताना
गाडीतळापलीकडच्या चढावर दोघं दिसली.
पर्सवाली काहीतरी समजावत होती हातवारे करत,
तो थांबे, मान डोलवी, पुन्हा चढे.
ट्रकवाला ओरडला, पाचच झाली, सहावं कुठंय?
सहावं अजून जिन्याला टेकून उभं होतं,
उघडं.