मोजणी

जावा बेटावर, क्लातेनजवळ,
एका शाळेला भिंती नाहीत.
गुडघाभर चिखलात उभी राहून न्गातिनेम
भाताच्या चुडांतले कोळी मोजते:
चार, सहा, एक, नऊ.
एकीच्या पाठीवर पिल्लांचं गाठोडं,
ती सगळी ‘पुष्कळ’ म्हणून लिहिते.

बांधापलीकडे पारिजोचं शेत.
वर्षात तीन पिकं,
पोनच्या बाजारादिवशी, म्हणजे दर पाचव्या दिवशी, फवारणी.
तिथे मोजायला वेळच लागत नाही.
शून्य. शून्य.
पाण्यावर एक चतुर, पंख अजून शाबूत.

“स्वच्छ आहे की नाही?” पारिजो विचारतो.
ती वाकते, त्याच्याच भाताची काडी
नखाने उभी चिरते.
आत तुडतुड्यांची अंडी,
केळ्यांच्या फणीसारखी, ओळीने, निवांत.
औषध इथवर पोचतच नाही.

“आठवड्यात फुटतील,” ती म्हणते,
“आणि राखणदार तर तूच मारलेस.”

तो काडीकडे बघत राहतो.
मग पाठीवरचा पंप उतरवतो.
पटलं म्हणून, की नुसता खांदा भरून आला म्हणून,
ती विचारत नाही.

संध्याकाळी वहीत त्याच्या नावापुढचा
एक शून्य खोडते. लिहिते: एक.
तिच्याच शेतातून बांध ओलांडून गेलेला,
सात पायांचा.