उरलेलं तेल

ओबिहिरोत फेब्रुवारी. शटरच्या फटीतून बर्फाची भुकटी.
रॅम्पवर निळी गाडी, पोट उघडं टाकून.
ओरितोबाई स्टोव्हजवळच्या स्टुलावर,
हातमोजे मांडीवर, एकावर एक.

काटा वर चढतच नाही, म्हणाल्या होत्या.
घर ते दूधसंघ, दूधसंघ ते घर,
साडेचार किलोमीटर, मधे एकच सिग्नल.
तेल पंचावन्न अंशांवर कुडकुडत बसतं.
टोपण उघडून दाखवलं त्यांनी:
आतून पिवळट साय धरलेली,
तेल नि पाणी, न पटता एकत्र नांदलेलं.

कूलर मीच बसवला होता. अकरा वर्षं झाली.
तेव्हा कियोहारू तेवीसचा.
भर ऑगस्टात सर्किटवर सलग वीस फेऱ्या मारायचा
आणि तेल एकशे चाळीसवर जायचं.
मी म्हटलं, मधे थर्मोस्टॅट टाकू,
तेल गार असेल तेव्हा कूलरची वाट बंद ठेवेल.
नको म्हणाला. पैसे टायरला लागतात.
मीही फार ताणलं नाही.

आता तो हामामात्सुत, दोन मुलींचा बाप,
सात आसनी गाडीचे हप्ते.
विकून टाक, म्हणाला आईला.
आईनं नंबरप्लेट पुसली
आणि सोमवारी कामावर घेऊन गेली.

बंपर निघाला. मग कूलर:
एकोणीस पट्ट्या. जाळीत चतुराचा पंख, बारीक खडी,
वितळून चिकटलेले रबराचे कण,
ते काही दूधसंघाच्या वाटेवरचे नव्हेत.
नळी सोडवायला दोन पाने लागतात,
एक फिरवायला, एक धरून ठेवायला,
नाहीतर ॲल्युमिनियमची मान मुरगळते.
नट सुटला. ट्रेमध्ये तेल उतरलं,
आधी मधाच्या रंगाचं,
मग काळं.

बाई उठून जवळ आल्या.
हे कुठलं? गेल्याच महिन्यात बदललंत ना?
सांगितलं, बदललं तरी
कूलरमधलं खाली येत नाही.
नळ्यांच्या बाकात अडून राहतं, वाटीभर,
नव्यात मिसळतं, पुन्हा थोडं मागे उरतं.
म्हणजे त्याच्या वेळचं?
अगदी तेच नाही. पण थेंबभर असेलच.
बाईंनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं,
हुंगलं,
आणि माझ्या खांद्यावरच्या फडक्याला पुसलं.

फिल्टरखालची जाड चकती उतरली.
आता मूळचा आखूड बोल्ट हवा,
लांब ठेवला तर फिल्टर टेकत नाही,
आणि कंपनीनं तो बनवणं केव्हाच सोडलंय.
खालच्या फळीवर बिस्किटांचे डबे.
पहिल्यात क्लिपा. दुसऱ्यात कुणाच्या तरी किल्ल्या.
तिसऱ्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला,
वर माझं तेव्हाचं बरं अक्षर:
ओरितो, निळी, परत लागेल.

कधी लिहिलं, आठवत नाही.
परत लागेल असं का वाटलं, तेही.

नवं तेल, नवा फिल्टर. इंजिन सुरू.
खाली पुठ्ठा सरकवला, दहा मिनिटं थांबलो.
पुठ्ठा कोरडा.
कूलर मोडीत देऊ? विचारलं.
बाईंनी फळीकडे पाहिलं.
तुमच्या डब्यांशेजारी जागा आहे की. नाव घालून ठेवा.

मग दार उघडता उघडता:
आता जोरात चालवली तर?
रस्त्यावर हरकत नाही, म्हटलं.
फक्त ऑगस्टात, कारिकाची घाट चढताना,
काट्यावर लक्ष असू द्या.
आणि निदान आज, पूर्ण तापेपर्यंत, सावकाश.
ऑगस्टला वेळ आहे, म्हणाल्या.
सावकाशबद्दल काही बोलल्या नाहीत.

शटर अर्ध्यावर आणलं आणि ऐकलं:
पुलाच्या तोंडाशी दुसरा गियर.
मागची चाकं बर्फावर जराशी सरकली असावीत,
मग धरली, आणि आवाज
चढला, चढला, लाल रेघेपर्यंत.

तेल सत्तरच्या वर नसणार अजून.
मी ओरडायला तोंड उघडलं होतं.
तोंडात बर्फ गेला.