बारा ते तीन

मे महिन्यात मी कोणताही सिनेमा पाहतो.
पोस्टर नाही पाहत,
गाडी लावायले सावली आहे का तेवढं पाहतो.

सकाळी सहापासून कूलर. महाल, इतवारी, नंदनवन.
कोणाची मोटर जाम, कोणाची टाकी गळकी,
कोणी म्हणते ताट्या आज बदलवून द्या, पैसे सोमवारी.
बारा वाजले की पाना पिशवीत, पिशवी डिक्कीत
आणि मी बर्डीवर, मागच्या रांगेत,
बरोबर एसीच्या तोंडासमोर.
तीन तास दुसऱ्यानं केलेली हवा.

म्हणून माझं मत कोणी विचारत नाही.
तरी सांगतो.

भुताचे सिनेमे चालतात मले.
फक्त पंखा करकरला की सारे किंचाळतात, मी नाही.
बुशिंग गेलं, दुसरं काय.
एवढी मोठी हवेली अन् तेल टाकायले माणूस नाही.
हेडाऊ म्हणे, अबे, भूत होतं ते.
असन. पण दोन थेंब टाकले असते
तर निम्मा सिनेमा वाचला असता.

मारामारीत मले एकच गोष्ट समजत नाही:
गुंडाच्या गोदामात सारे ड्रम रिकामे काऊन?
हा माणूस धंदा कायचा करते?

प्रेमाच्या सिनेमात बर्फ आला
की अख्खी टॉकीज गप्प.
ती पातळ साडीत, तो स्वेटरात, दोघं गोल फिरून राहिले
अन् बाहेर सेहेचाळीस.
प्रेमाकडं कोणाचंच लक्ष नसते, राजेहो.
आम्ही बर्फ पाहून राहिलो असतो.

कोर्टाचा सिनेमा मात्र मी अर्ध्यातून सोडला.
धकातेसोबत माझा भिंतीचा मामला आहे, नऊ इंच,
सहा वर्षं झाली.
माझा वकील एकदाही टेबलावर हात आपटत नाही.
घड्याळ पाहते, अन् म्हणते पुढची तारीख घेऊ.

विनोदी सिनेमाले एकट्यानं जाऊ नये.
हसू येते,
आपण बाजूले पाहतो,
तिथं कोणाचं तरी हेल्मेट असते.

हेडाऊ येत नाही आता.
मागच्या दिवाळीत त्यानं स्प्लिट एसीची एजन्सी घेतली.
दुपारी घरीच झोपते. गार.
मले म्हणे, तू पण सोड, कूलरचं काय राहिलं आता.
मी म्हटलं, पाहू.

अन् एक तो सिनेमा, भाषा कोणती ते माहीत नाही.
आम्ही चौघं होतो. कोण्या देशात बक्षीस भेटलं म्हणे त्याले.
एक म्हातारा, एक खोली, एक नळ.
नळ ठिबकून राहिला.
पाच मिनिटं झाली, ठिबकूनच राहिला.
पुढचे दोघं उठून गेले.
मी बसलो, एसी चांगला होता,
अन् वाटलं आता कोणीतरी वॉशर बदलवन.
कोणी बदलवला नाही.
शेवटी म्हातारा उठला, बादली काढून
थेंबाखाली पितळी गंज ठेवला.
आवाज बदलला.
संपला सिनेमा.

हे काय झालं, म्हणत मी बाहेर आलो,
सीट तापली होती, त्यावर पोतं टाकलं,
अन् इंदोऱ्याले खोब्रागडे बाईकडं गेलो. पंप बंद होता.
गाळ काढला, वायर जोडली, चालू केला.
कोरड्या ताट्यांवर पाणी उतरते ना,
पहिल्यांदा, वरून, थांबत थांबत,
तो आवाज.
बावीस वर्षं माझ्या हातानं होऊन राहिला
अन् मी दरवेळी तोवर पैसे मोजत असतो.

बाई म्हणाल्या, का हो, अजून काही बिघडलं का?
नाही, म्हटलं. चालू द्या थोडा वेळ.

तरी पण
त्या सिनेमात एक इंटरव्हल पाहिजे होतं.